रेंडरडॉक आणि व्हल्कन : एक फ्रेम थांबवून वाचताना

गेली तीन वर्षे फावल्या वेळात मी सह्याद्रीचा एक त्रिमितीय नकाशा तयार करतो आहे. एंडेव्हर या अमेरिकी अवकाशयानातून फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजलेली जमिनीची उंची सर्वांसाठी खुली आहे, आणि तिच्या एकाच चौकटीत, म्हणजे १८ ते १९ उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश यांच्या दरम्यान, राजगड, तोरणा, सिंहगड आणि पुरंदर हे चारही किल्ले मावतात. त्या चौकटीत ३,६०१ गुणिले ३,६०१, म्हणजे जवळजवळ १ कोटी ३० लाख उंचीचे आकडे असतात. हे आकडे व्हल्कन या आदेशपद्धतीमार्फत जीपीयूकडून, म्हणजे ग्राफिक्सच्या प्रोसेसरकडून, रंगवून घेताना माझे जे हाल झाले, त्यांतून मला वेळोवेळी बाहेर काढणाऱ्या रेंडरडॉक या डीबगरचे, म्हणजे दोष शोधणाऱ्या अवजाराचे, हे परीक्षण आहे. रेंडरडॉक मोफत आहे, मुक्त परवान्याचे आहे, आणि व्हल्कन शिकणाऱ्याने ते पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नापुढे गप्प बसते, हे आधी समजून घेतले नाही तर ते दिशाभूलही करते. माझे दोन आठवडे तशा दिशाभुलीतच गेले.

आधी या अवजाराची गरज का पडते ते सांगायला हवे. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ओपनजीएल ही ग्राफिक्सची आदेशपद्धत आणली तेव्हापासून ग्राफिक्सच्या प्रोग्रामरला एक सवय लागली होती : कोणती गोष्ट कोणत्या मेमरीत ठेवायची आणि कोणते काम कशाच्या आधी उरकायचे याची काळजी ड्रायव्हरने, म्हणजे जीपीयू चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, करायची. ड्रायव्हर आपल्या पाठीमागे बरेच काही निस्तरत असे आणि त्या निस्तरण्याची किंमत सीपीयूच्या वेळात मोजावी लागे. एएमडीच्या मँटलने २०१३ मध्ये ही पद्धत मोडायला सुरुवात केली. त्यानंतर ॲपलचे मेटल २०१४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स १२ हे २०१५ मध्ये आले, तर मँटलच्या पायावर उभे राहिलेले क्रोनोस ग्रुपचे व्हल्कन १६ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाले. व्हल्कनमध्ये मेमरी आपण मागायची, आदेशांची यादी आपण भरायची आणि कोणते काम कोणत्या कामासाठी थांबेल हेही आपणच लिहून द्यायचे. पडद्यावर एक त्रिकोण आणायला हजारेक ओळी लागतात ही तक्रार सर्वांनी ऐकलेली असते, परंतु खरी अडचण ओळींच्या संख्येची नाही. कमांड बफरमध्ये, म्हणजे त्या आदेशांच्या यादीत, आदेश भरणारी व्हल्कनची फंक्शन्स काहीही परत करत नाहीत, ना यश ना अपयश. ड्रायव्हरही चुका तपासत बसत नाही, कारण न तपासण्यातूनच वेग मिळवायचा असे येथे ठरलेले आहे. चूक झाली तर काळा पडदा दिसतो, किंवा ‘डिव्हाइस लॉस्ट’ एवढा एक निरोप येऊन सगळे थांबते, किंवा, आणि हे सर्वांत वाईट, आपल्या संगणकावर सर्व काही ठीक चालते आणि दुसऱ्याच्या संगणकावर चित्र फाटते.

या मुकेपणावर पहिला उपाय म्हणजे व्हॅलिडेशन लेयर. आपला प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये हा थर बसतो, प्रत्येक आदेश व्हल्कनच्या नियमांशी पडताळून पाहतो आणि नियम मोडला असेल तर त्या नियमाच्या क्रमांकासह निरोप छापतो. लूनारजी या कंपनीच्या व्हल्कन एसडीकेसोबत, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या साहित्यसंचासोबत, तो आपोआप मिळतो. त्याचे निरोप लांबलचक आणि पहिल्या वाचनात कोर्टाच्या नोटिशीसारखे वाटतात, पण त्यांत कोणत्या वस्तूबद्दल, कोणत्या फंक्शनमध्ये आणि कोणत्या नियमाविरुद्ध हे तिन्ही दिलेले असते, आणि सवय झाली की नोटीस वाचता येते. रेंडरडॉक उघडण्याआधी या लेयरचे सर्व निरोप संपवलेच पाहिजेत. ही केवळ शिस्तीची गोष्ट नाही. आपला प्रोग्रॅम व्हल्कनचे नियम पाळतो असे गृहीत धरूनच रेंडरडॉक काम करते आणि नियमबाह्य आदेश त्याच्याकडे गेले तर ते काय दाखवील याची हमी कोणीच देत नाही.

रेंडरडॉकची सुरुवात क्रायटेक या गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या बाल्डर कार्लसन यांच्या वैयक्तिक प्रकल्पातून झाली. २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, त्याचा स्रोत एमआयटी परवान्याखाली आहे आणि कार्लसन आजही त्याचे मुख्य लेखक आहेत. व्हल्कनखेरीज ते डायरेक्टएक्स ११ आणि १२, ओपनजीएल आणि ओपनजीएल ईएस यांनाही आधार देते, आणि विंडोज, लिनक्स व अँड्रॉइडवर चालते. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचे अवजार मुळात एका माणसाने उभे केले, याचे मला अजूनही नवल वाटते. त्याचा एक चांगला परिणाम खिडक्यांच्या रचनेत दिसतो : सगळीकडे एकच विचार आहे, एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते.

काम करण्याची पद्धत सोपी आहे. आपला प्रोग्रॅम रेंडरडॉकमधून सुरू करायचा, कोपऱ्यात त्याची माहितीपट्टी दिसू लागते, आणि हवा तो क्षण आला की एफ-१२ दाबायचे. पुढच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रासाठी, जीपीयूला दिलेले सर्व आदेश आणि त्या आदेशांना लागणारी टेक्श्चर (जीपीयू वाचते ती चित्रे), बफर (आकड्यांचे साठे), शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) वगैरे सर्व सामग्री एका फाइलमध्ये साठवली जाते. ती फाइल उघडली की रेंडरडॉक तीच फ्रेम जीपीयूवर पुन्हा चालवते आणि आपण म्हणू त्या आदेशापाशी थांबते. ‘पुन्हा चालवते’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत, कारण या अवजाराचे बळ आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी तेथूनच येतात.

बळाचा पहिला अनुभव मला अगदी प्राथमिक चुकीत आला. डोंगर पडद्यावर आले, पण ते डोंगर नव्हतेच. काटेरी कुंपण उभे केल्यासारखा नुसता गोंधळ दिसत होता. तीन तास मी कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्सचे गणित तपासत होतो. शेवटी फ्रेम पकडून उंचीचे टेक्श्चर उघडले, तर गोंधळ त्या टेक्श्चरमध्येच होता, म्हणजे कॅमेऱ्याचे गणित निर्दोष होते. ही उंचीची फाइल प्रत्येक आकड्याची मोठी बाइट आधी ठेवते आणि आपले संगणक धाकटी आधी वाचतात. मी ती अदलाबदल विसरलो होतो. ती दुरुस्त केल्यावर टेक्श्चर उघडले, तर आता सगळा चौकोन पांढराशुभ्र आणि त्यात तुरळक काळे ठिपके. टेक्श्चर व्ह्यूअरमध्ये किमान आणि कमाल किमतींची एक पट्टी असते आणि चित्रातील किमतींप्रमाणे ती आपोआप जुळवून घेता येते. त्या पट्टीवर किमान किंमत उणे ३२,७६८ दिसली आणि उलगडा झाला. रडारला जेथे जमीन दिसली नाही तेथे मूळ नोंदीत हाच आकडा भरलेला असतो, आणि माझ्या नकाशात त्या जागी पाताळापर्यंत जाणारे खड्डे पडणार होते. पट्टीचे खालचे टोक हाताने शून्यावर आणताच पश्चिमेकडील कोकणपट्टी काळसर, घाटमाथा उजळ असा ओळखीचा सह्याद्री समोर आला. तोरण्याच्या माथ्यावर उजवी क्लिक केली तर त्या पिक्सेलची किंमत चौदाशे मीटरच्या आसपास आली. टेक्श्चरमधील कोणत्याही बिंदूची खरी संख्या अशी वाचता येणे, डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे तर साठवलेली संख्या वाचता येणे, ही सोय वरवर साधी वाटते, पण या एका सोयीसाठीही मी रेंडरडॉक ठेवून घेतले असते.

दुसरा प्रसंग रिकाम्या पडद्याचा. ओपनजीएलमधून व्हल्कनकडे येणारा प्रत्येक जण एकदा तरी येथे ठेचकाळतो, कारण व्हल्कनमध्ये उभा अक्ष खालच्या दिशेने वाढतो. तो सरळ करण्यासाठी मॅट्रिक्समध्ये चिन्ह उलटवले की त्रिकोणांची फिरण्याची दिशाही उलटते आणि समोरची बाजू मागची समजून सगळे त्रिकोण वगळले जातात. येथे पिक्सेल हिस्टरी ही खिडकी कामी आली. पडद्यावरचा एक बिंदू निवडला की त्या बिंदूला स्पर्श करू पाहणाऱ्या सर्व आदेशांची यादी ती देते, आणि प्रत्येकासमोर तो रंग तेथे पोहोचला की वाटेत अडला, अडला तर कशाने, हे लिहिलेले असते. याच कामासाठी चित्रावर लाल आणि हिरवा थर चढवण्याचीही सोय आहे : जे त्रिकोण चाचणीतून पार पडले ते हिरवे, जे बाद झाले ते लाल. माझा सगळा सह्याद्री लाल दिसला, तेव्हा निदान तो तेथे आहे याचे समाधान मिळाले.

मेश व्ह्यूअरबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण देवनागरी लिहिणाऱ्या प्रोग्रामरला त्याचा एक खास उपयोग आहे. किल्ल्यांची नावे मी नकाशावर मराठीत लिहितो. अक्षरांची जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, आणि ती प्रत्येक अक्षराकृतीसाठी पुढे सरकण्याचे अंतर आणि त्या आकृतीला मूळ जागेपासून किती हलवायचे हा फरक, अशा दोन वेगळ्या गोष्टी देते. इंग्रजी मजकुरात हा दुसरा आकडा बहुतेक वेळा शून्य असतो, म्हणून तो वापरायचे राहून गेले तरी कोणाला कळत नाही. माझ्या ‘पुरंदर’मधील उकार पच्या पायाशी न बसता शेजारी घसरला होता आणि अनुस्वार रच्या डोक्यावरून सुटून पुढच्या दवर जाऊन बसला होता. मेश व्ह्यूअरमध्ये जीपीयूला दिलेले त्रिकोणांचे सर्व शिरोबिंदू तक्त्यात आणि त्याखाली आकृतीत दिसतात, शेडरमध्ये शिरण्याआधीचे आणि बाहेर पडल्यानंतरचे असे दोन्ही. अनुस्वाराच्या चौकोनाचे चारही कोपरे तक्त्यात शोधले तेव्हा ते शेडरमध्ये शिरण्यापूर्वीच चुकीचे होते, आणि दोष माझ्याच सीपीयूकडील लूपमध्ये आहे हे दोन मिनिटांत ठरले. दोष कोणाच्या अंगणात आहे हे ठरणे म्हणजे निम्मे काम झाले, हे डीबगिंग करणाऱ्या कोणालाही पटेल.

शेडर डीबगरचे मात्र मी थोडक्यात आटोपतो. एखादा पिक्सेल निवडून त्याचा शेडर ओळीगणिक चालवता येतो, चल राशींच्या किमती पाहता येतात, आणि शेडर तेथल्या तेथे बदलून परिणाम पाहता येतो. ही अंमलबजावणी जीपीयूवर प्रत्यक्ष होत नसून सीपीयूवर तिची नक्कल केली जाते, त्यामुळे मोठ्या शेडरला वेळ लागतो. शेडर संकलित करताना डीबगची माहिती सोबत ठेवली नसेल तर आपल्या ओळींऐवजी स्पर-व्ही या मधल्या भाषेतील सूचना वाचाव्या लागतात, आणि ते वाचन रात्री दहानंतर करू नये.

आता त्या दोन आठवड्यांकडे. डोंगरांच्या सावल्यांसाठी मी आधी सूर्याच्या जागेवरून पाहून खोलीची (डेप्थची) एक इमेज, म्हणजे कोणता बिंदू किती दूर आहे याची नोंद, तयार करतो आणि मग मुख्य चित्र काढताना ती वाचतो. माझ्या घरच्या संगणकावर, ज्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे, सावल्या निर्दोष होत्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ज्याचा जीपीयू प्रोसेसरमध्येच आहे, त्याच सावल्यांत चौकोनी तुकडे लुकलुकत होते. व्हॅलिडेशन लेयर शांत होता. मी लॅपटॉपवर फ्रेम पकडली, उघडली, सावलीची इमेज पाहिली, तर ती संपूर्ण आणि स्वच्छ. मुख्य चित्रही स्वच्छ. पुन्हा पकडली, पुन्हा स्वच्छ. रेंडरडॉकमध्ये चित्र बरोबर आहे म्हणजे माझे आदेश बरोबर आहेत आणि दोष ड्रायव्हरचा आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि ड्रायव्हर बदलत बसलो.

चूक माझीच होती. सावली काढणे आणि सावली वाचणे यांच्या मध्ये जो बॅरियर, म्हणजे आधीच्या कामासाठी थांबायला लावणारा आदेश, लागतो, तो मी इमेज प्रथम तयार करतानाच्या बॅरियरवरून उतरवून घेतला होता. प्रथम वापराच्या वेळी आधी कोणी काही लिहिलेले नसते, म्हणून तेथे ‘कोणत्या टप्प्यानंतर’ या जागी टॉप ऑफ पाइप असे लिहून चालते, म्हणजेच कोणासाठीही थांबू नये. तीच ओळ दुसऱ्या ठिकाणी गेली तेव्हा तिचा अर्थ असा झाला की सावली काढून पूर्ण होण्याची वाट न पाहता इमेज वाचण्यायोग्य करावी. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते, म्हणून नेहमीच्या तपासणीत ते सापडले नाही. घरच्या कार्डावर कामे योगायोगाने हव्या त्या क्रमाने उरकत होती, लॅपटॉपवर उरकत नव्हती. आणि रेंडरडॉक? ते फ्रेम पुन्हा चालवते, निवडलेल्या आदेशापाशी थांबते आणि तोवरचे काम संपण्याची वाट पाहते. दोन कामांची शर्यत लागली तरच दिसणारा दोष, त्या शर्यतीतील धावपटूंना एकेक करून पळवले तर कसा दिसणार? जीपीयूला काय सांगितले हे रेंडरडॉक अचूक दाखवते. ते सांगणे प्रत्यक्ष धावपळीत कसे घडले, हे ते दाखवत नाही.

हा दोष पकडला तो व्हॅलिडेशन लेयरमधील सिंक्रोनायझेशन तपासणीने, म्हणजे कामे एकमेकांसाठी नीट थांबतात का हे पाहणाऱ्या तपासणीने. ती वेगळी चालू करावी लागते, कारण ती प्रोग्रॅम बराच मंदावते; एसडीकेसोबत येणाऱ्या व्हल्कन कॉन्फिगरेटरमध्ये त्यासाठी एक खूण करावी लागते. खूण केली आणि पहिल्याच फ्रेमला ‘राइट आफ्टर राइट’ असा निरोप आला. आधी मला तो चुकीचा वाटला, कारण मी दुसऱ्यांदा लिहीत नव्हतो, वाचत होतो. नंतर कळले की इमेजचा लेआउट, म्हणजे मेमरीतील तिची मांडणी, बदलणे हेही व्हल्कनच्या हिशेबात एक लिहिणेच असते, आणि आधीचे लिहिणे संपण्यापूर्वी मी तो बदलत होतो. बॅरियरमध्ये खोलीच्या चाचणीचा शेवटचा टप्पा आणि खोली लिहिण्याचा हक्क अशी दोन मूल्ये भरली आणि लॅपटॉपवरच्या सावल्या स्थिरावल्या. आता ही तपासणी मी आठवड्यातून एकदा चालवतो, आणि चित्र एका यंत्रावर बरोबर व दुसऱ्यावर चूक असेल तर रेंडरडॉक उघडण्याआधी तीच चालवतो.

बाकीच्या उणिवा यामानाने किरकोळ आहेत, पण नोंदवतो. पकडलेली फाइल दुसऱ्या बनावटीच्या जीपीयूवर उघडेलच असे नाही. व्हल्कनमध्ये मेमरीचे प्रकार आणि क्षमता यंत्रागणिक बदलतात, त्यामुळे मित्राला फाइल पाठवून ‘बघ बरं’ म्हणणे नेहमी जमत नाही. सीपीयू आणि जीपीयू दोघांनाही सतत दिसणारी मेमरी मोठ्या प्रमाणावर वापरली असेल तर तिच्यात काय बदलले ते रेंडरडॉकला वारंवार तुलना करून शोधावे लागते, आणि पकडताना प्रोग्रॅम रखडतो. प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे रे ट्रेसिंगचा, आधार बराच काळ नव्हता आणि तो उशिरा आला, म्हणून ज्यांचे सगळे काम त्यावर आहे त्यांनी आपल्या कार्डाच्या निर्मात्याचे अवजारही जवळ ठेवावे. मॅकवर रेंडरडॉक अधिकृतपणे मिळत नाही. तेथे मोल्टनव्हीकेमार्फत व्हल्कन चालवणाऱ्याला एक्सकोडमधील मेटल डीबगरकडेच जावे लागते, आणि तेथे आपले आदेश मेटलच्या भाषेत रूपांतरित झालेले दिसतात.

वेग मोजण्यासाठी रेंडरडॉककडे पाहू नये. प्रत्येक आदेशाला किती वेळ लागला हे ते सांगते, परंतु तो वेळ पुन्हा चालवतानाचा असतो. दोन आदेशांची आपसांत तुलना करायला तो पुरतो, फ्रेम साठ हर्ट्झला का पोहोचत नाही हे ठरवायला पुरत नाही. त्या कामासाठी एनव्हिडियाचे एनसाइट ग्राफिक्स किंवा एएमडीचे रेडियन जीपीयू प्रोफायलर आहे, आणि डायरेक्टएक्स १२ वर काम करणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे पिक्स. एक गोष्ट मात्र रेंडरडॉकच्या बाजूने लिहिली पाहिजे : ते स्वतःच्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीसाठीच आहे, दुसऱ्यांच्या गेममधील चित्रे उचलण्यासाठी नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे आणि तशा कामाला मदत मिळत नाही. मला ही भूमिका रास्त वाटते.

शेवटी नावांविषयी. काहीच सांगितले नाही तर रेंडरडॉकच्या यादीत ‘टूडी इमेज १४७’ अशी नावे दिसतात आणि शंभर वस्तूंनंतर त्यांतून काही उमगत नाही. व्हल्कनच्या डीबग युटिल्स या विस्ताराने प्रत्येक वस्तूला आणि आदेशांच्या प्रत्येक गटाला नाव देता येते, आणि हे नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या सामावणाऱ्या साठवण-पद्धतीत, असावे एवढीच अट आहे. त्यामुळे माझ्या यादीत आता ‘सावली’, ‘डोंगर’, ‘पाणी’, ‘किल्ल्यांची नावे’ असे गट दिसतात आणि त्या सावलीच्या इमेजचे नाव ‘सूर्याची नजर’ आहे. रेंडरडॉकच्या खिडकीत जोडाक्षरांसह सर्व नीट उमटते. व्हॅलिडेशन लेयरही निरोपात हीच नावे छापतो, मात्र विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये त्यांच्या जागी चौकोन येतात. म्हणून मी ते निरोप फाइलमध्ये वळवून घेतो आणि एडिटरमध्ये वाचतो.